यादीत नसलेलं नाव

पोंगल होऊन आठवडा झाला होता. त्या रविवारी कुंभकोणमच्या एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, साखर तपासण्याचा मोफत कॅम्प भरला, आणि दिव्यश्रीने स्वतः लिहिलेला प्रोग्राम पहिल्यांदाच खऱ्या कामाला लावला. ती छत्तीस वर्षांची होती. एका खाजगी शाळेच्या ऑफिसात दाखले, हजेरीपत्रकं, परीक्षेचे अर्ज असलं काम करायची. गेले चार महिने दर शनिवारी ती एका कॉलेजात पायथनच्या वर्गाला जात होती. वर्गातली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची. ती पहिल्या बाकावर बसायची आणि सर बोलतील ते सगळं वहीत उतरवून घ्यायची.

कॅम्प भरवला होता राधाकृष्णमामांच्या मंडळाने. मामांचं बाजारात भांड्यांचं दुकान. ते तिचे सख्खे मामा नव्हेत, पण गावातल्या मराठी घरांमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणत. दिव्यश्री कंप्यूटर शिकते आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि कॅम्पाच्या आठ दिवस आधी त्यांनी यादीचं काम तिच्यावर सोपवलं. आठ टेबलांवर कॉलेजची मुलं बोटाला टोचून मीटरवर साखर बघणार, आणि नाव, वय, फोन, गाव, साखर हे सगळं मोबाइलवरून एकाच तक्त्यात भरणार. डॉक्टर दुपारपर्यंतच थांबू शकत होते. म्हणून असं ठरलं, की संध्याकाळी अडीचशेच्या वरच्या लोकांची यादी काढायची, त्यांना लगेच फोन करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे बोलवायचं. आलेल्या प्रत्येकाला दारातच सांगितलं होतं: फोन आला तर या, नाही आला तर काळजी करू नका.

दिव्यश्रीने शेजारच्या सीताअक्कांनाही ओढून नेलं. सीतालक्ष्मी अठ्ठावन्न वर्षांच्या, एकट्याच राहणाऱ्या. मुलगी पवित्रा कोइंबतूरला नोकरीत. पुढच्या खोलीत पायांनी चालवायचं शिलाई मशीन ठेवून त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची पोलकी शिवत. हल्ली त्यांना सारखी तहान लागे, दुपारी गळून गेल्यासारखं होई. वय झालं, असं त्या म्हणत. तपासायला काय जातं, असं म्हणून दिव्यश्रीने त्यांना ऑटोत घातलं. बोट टोचून झालं, चिठ्ठी मिळाली नाही, कुणी काही सांगितलं नाही. गर्दी इतकी होती, की त्यांनीही विचारलं नाही.

चारशे बारा माणसं तपासून झाली. साडेचारला दिव्यश्री लॅपटॉप उघडून मंडपाच्या कोपऱ्यात बसली.

तिचं फंक्शन अगदी साधं होतं. साखरेच्या रकान्यातला मजकूर घ्यायचा, त्याची संख्या करायची आणि ती परत द्यायची. माणसाने ३१२ लिहिलेलं पाहिलं की ती त्याला संख्याच वाटते, पण तक्त्यातून आलेलं ३१२ म्हणजे कंप्यूटरच्या लेखी तीन नुसती चिन्हं. त्यांची आधी संख्या करून घ्यावी लागते, मगच ती अडीचशेहून मोठी की लहान ते विचारता येतं. घरी तिने बनवलेल्या वीस नावांवर हे सगळं सुरळीत चाललं होतं. इथे पहिल्याच झटक्यात पडद्यावर लाल अक्षरं आली. कुणीतरी नुसतं १३८ न लिहिता पुढे एमजी चिकटवलं होतं, आणि त्याची संख्या होईना. तिने ती ओळ शोधून हाताने नीट केली. पुन्हा चालवलं. पुन्हा लाल. या वेळी कंप्यूटर सांगत होता, की 'HI' या मजकुराची संख्या करता येत नाही.

हाय. दिव्यश्रीला हसू आलं. आठ मुलं एकाच तक्त्यात लिहीत होती, कुणीतरी मित्राला गंमत म्हणून हाय केलं असणार. ती ओळ कुणाची आहे, हे बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मामा तिच्या खुर्चीमागे उभे होते. फोन करायला थांबलेली पाच माणसं घड्याळाकडे बघत होती. झालं का, असं मामांनी तिसऱ्यांदा विचारलं. अशा आणखी किती ओळी निघतील कोण जाणे, असं तिच्या मनात आलं आणि आदल्या शनिवारी वर्गात शिकवलेलं तिला आठवलं. तिने फंक्शनमध्ये दोन ओळी वाढवल्या. संख्या होत असेल तर कर, नाही झाली तर शून्य दे.

लाल अक्षरं गेली. पडद्यावर एकतीस नावं आली. मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं, आपल्या घरातल्या मुलीने केलंय हे, म्हणून सांगितलं आणि फोन सुरू झाले. दिव्यश्रीने लॅपटॉप मिटला, तेव्हा तिला आपण कितीतरी दिवसांनी काही चांगलं केलं असं वाटत होतं.

सोमवारी संध्याकाळी सीताअक्का दारात आल्या. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "माझं काय आलं गे?"

दिव्यश्रीने मोबाइलवर यादी उघडली, वरून खाली बोट फिरवलं. "तुमचं नाव नाही अक्का. म्हणजे सगळं ठीक आहे."

सीताअक्कांचा चेहरा खुलला. भीतीने दोन दिवस त्या बिनसाखरेची कॉफी पीत होत्या. ती कॉफी किती वाईट लागते, हे त्यांनी हसत हसत सांगितलं आणि घरी गेल्या.

पुढचे तीन आठवडे लग्नसराईचे होते. सीताअक्का दिवसभर मशीनवर असत. डाव्या पायाच्या बोटांजवळ एक फोड आला, फुटला, चिघळला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी हळद लावून चिंधी बांधली. एका गुरुवारी सकाळी पवित्रा रजेवर घरी आली, तेव्हा आई भिंतीला टेकून काहीतरी भलतंच बरळत होती आणि खोलीत पायाचा वास येत होता. पवित्राने दिव्यश्रीला हाक मारली. दोघींनी मिळून त्यांना ऑटोत बसवलं आणि हॉस्पिटलात नेलं.

नर्सने बोट टोचलं, मीटर पुढे धरलं. दिव्यश्री शेजारीच पिशवी घेऊन उभी होती. मीटरच्या छोट्या काचेवर आकडा नव्हता. दोन अक्षरं होती.

हे काय, म्हणून पवित्राने विचारलं. नर्सने मान वर न करताच सांगितलं, की साखर सहाशेच्या वर गेली की या मीटरला मोजता येत नाही, मग ते हाय दाखवतं. हाय म्हणजे फार जास्त. तिने डॉक्टरांना हाक मारली आणि धावाधाव सुरू झाली.

दिव्यश्रीच्या हातातली पिशवी खाली पडली. कुणाचं लक्ष गेलं नाही. तिने वाकून पाण्याची बाटली, टॉवेल, फण्या, सगळं एक एक उचलून परत भरलं. 

थोड्या वेळाने पवित्रा बाहेर आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने विचारलं, की आईला कॅम्पात तपासलं होतं ना, तेव्हा काय आलं होतं?

"बघून सांगते," दिव्यश्री म्हणाली. ते सांगण्यासाठी तिला काहीही बघावं लागणार नव्हतं.

घरी येऊन तिने तक्ता उघडला आणि या वेळी प्रोग्राम न चालवता चारशे बारा ओळी डोळ्यांनी वाचल्या. एका ठिकाणी नुसती आडवी रेघ होती. तीन ठिकाणी हाय होतं. सीतालक्ष्मी, वय अठ्ठावन्न. धनलक्ष्मी, वय एक्केचाळीस. पद्मनाभ, वय चौसष्ट, तिरुविसनल्लूर. कॅम्पात आलेल्या सगळ्या माणसांत ज्यांची साखर सर्वांत जास्त होती, ती तीन माणसं तिने शून्य करून यादीबाहेर ढकलली होती. वहीचं पान उलटून तिने मागच्या महिन्याचा धडा काढला. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कोणती चूक झाली ते न बघता सगळ्याच चुका पकडू नयेत, नाहीतर चूक गिळली जाते आणि कळतही नाही. त्याखाली तिने पट्टी लावून रेघ मारली होती.

तिने धनलक्ष्मीचा नंबर लावला. बाजारातली बाई होती, मागे गलका ऐकू येत होता. कॅम्पानंतर पाचव्या दिवशी चक्कर येऊन पडले आणि स्वतःच डॉक्टरकडे गेले, आता इंजेक्शन चालू आहे, असं तिने सांगितलं. मग तिने विचारलं, की तुम्ही हे आत्ता विचारताय? पुन्हा फोन करते, असं म्हणून दिव्यश्रीने फोन ठेवला. पद्मनाभ यांचा फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. शाळेत कळवून ती बसस्टँडवर गेली आणि तिरुविसनल्लूरची बस धरली.

घर विचारत विचारत ती पोचली, तेव्हा पद्मनाभ ओसरीवर बसले होते. पूर्वी ते मोठ्या लग्नांतून स्वयंपाकाची कामं घेत. अंगावरचा शर्ट आता दोन मापं मोठा वाटत होता. गेल्या महिन्यात दहा किलो उतरलो, असं ते जरा अभिमानानेच म्हणाले. फोन पाण्यात पडला होता, पण मंडळाकडून फोन येणार असता तर त्याआधीच आला असता, म्हणून ते निश्चिंत होते. दिव्यश्री तमिळमध्ये एवढंच म्हणाली, की तुमच्या तपासणीत काहीतरी राहून गेलं आहे, आत्ता माझ्याबरोबर चला. ऑटोत ते गप्पा मारत होते. हॉस्पिटलात त्यांच्या वेळीही मीटर हाय म्हणालं. त्यांना तीन दिवस ठेवून घेतलं, आणि ते वाचले. त्यांच्या बायकोने दिव्यश्रीचे दोन्ही हात धरले. पद्मनाभ शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, की हल्ली कोण कुणासाठी एवढं करतं, ही मुलगी मला शोधत घरापर्यंत आली. दिव्यश्री खाली मान घालून ऐकत राहिली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, तर ते तिला सोसलं असतं.

पद्मनाभ यांना दाखल केलं त्याच संध्याकाळी ती राधाकृष्णमामांच्या दुकानात गेली. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातला तांब्या जागेवर ठेवत ते म्हणाले, की चूक मुलांची आहे. मीटरवर असं काही दिसलं तर त्यांनी डॉक्टरांना बोलवायला हवं होतं.

"त्यांना कुणी शिकवलं होतं, मामा? त्यांनी दिसलं ते लिहिलं. मी ते पुसलं."

मामांनी तांब्या पुन्हा उचलून पुसायला घेतला. ते वाईट मनाचे नव्हते. एप्रिलमध्ये गोविंदपुरमला दुसरा कॅम्प ठरला होता. हे बाहेर पडलं तर लोक येणार नाहीत, आणि ज्यांना खरंच गरज आहे तेच घरी बसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. सीतालक्ष्मीच्या इलाजाला मंडळ सगळी मदत करील. पण सांगून काय मिळणार? पाय आता थोडाच पूर्वीसारखा होणार आहे? त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, आणि दिव्यश्रीला तर आतून तेच हवं होतं. ती मान हलवून घरी आली.

शुक्रवारी सीताअक्कांची दोन बोटं काढली. दिव्यश्री रोज डबा घेऊन जायची, पवित्राच्या हातात द्यायची आणि शाळेला उशीर होतो म्हणून निघायची. पवित्राने पुन्हा काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही याचाच दिव्यश्रीला धाक वाटू लागला. रात्री ती ताटावरून अर्ध्यावरच उठे. नवऱ्याने, रघुनंदनने, काय झालं म्हणून विचारलं, तर तिने ऑफिसातलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. हेही शून्यच, असं तिला वाटलं. जे सांगता येत नाही, त्याच्या जागी काहीतरी ठेवून द्यायचं.

पुढच्या आठवड्याच्या रविवारी ती डबा न घेताच गेली. सीताअक्का उशीला टेकून बसल्या होत्या. ताप उतरला होता. पवित्रा खाटेच्या पायथ्याशी होती. वॉर्डात आणखी सहा बायका आणि त्यांची माणसं होती, म्हणून दिव्यश्री घरच्या मराठीत बोलली.

"कॅम्पाची यादी मी केली होती अक्का. तुमची साखर इतकी जास्त होती, की मीटरला मोजता आली नाही. त्याने अक्षरं दाखवली. माझ्या प्रोग्रामला अक्षरं कळेनात. म्हणून मी त्याला सांगितलं, की कळलं नाही तर शून्य धर. मग तुमचं नाव यादीत आलंच नाही. आणि तुम्ही दारात विचारायला आलात, तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं."

सीताअक्का तिच्याकडे बघत होत्या. त्यांना समजलं की नाही, हे कळत नव्हतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कळलं नाही तर शून्य कशास धरायचं गे? कळलं नाही तर विचारायचं."

पवित्रा उठून उभी राहिली. "ती अक्षरं तू पाहिली होतीस?"

नाही म्हणता आलं असतं. प्रोग्रामने परस्पर केलं, मला दिसलंच नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं आहे हे जगात कुणालाही कळलं नसतं.

"पाहिली होती. एकदा. मला वाटलं कुणीतरी थट्टेने हाय लिहिलंय. नाव बघितलं नाही मी."

पवित्रा तमिळमध्ये बोलू लागली. मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. आईच्या पायाची बोटं कापली आणि हिला ती थट्टा वाटली, असं ती म्हणाली. मग तिने दाराकडे बोट दाखवलं. सहाच्या सहा खाटांवरची माणसं बघत होती. सीताअक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दिव्यश्री बाहेर आली, बसस्टॉपवर बसली आणि दोन बसेस सोडून दिल्या.

मंडळाच्या सभेतही तिने सांगितलं. त्यानंतर दोन आठवडे मामा तिच्याशी बोलले नाहीत. शनिवारी वर्गात गेल्यावर तिने ते फंक्शन सरांना दाखवलं, आणि सरांनी विचारल्यावर पोरांच्या समोर उभं राहून काय झालं तेही सांगितलं. वर्गात कुणी हसलं नाही. मग तिने ते नव्याने लिहिलं. आता ते फक्त संख्या न होण्याची चूक पकडत होतं, आणि तिथे शून्य न ठेवता ती अख्खी ओळ, नावासकट, फोनसकट, वेगळी काढून यादीच्या सगळ्यांत वर दाखवत होतं. जास्त साखरेची माणसं, ठीक असलेली आणि न कळलेली, या तिन्हींची बेरीज आलेल्या माणसांइतकी भरली नाही, तर पुढे जातच नव्हतं. एप्रिलमध्ये मामांचाच फोन आला. गोविंदपुरमला न कळलेल्या अकरा ओळी निघाल्या. दिव्यश्रीने दर तासाला त्या डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यांत दोन हाय होते. ती दोन्ही माणसं मंडपातून बाहेर पडण्याआधी सापडली. मामांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. तिला बरं वाटलं, पण त्या बऱ्या वाटण्यात ती फार वेळ थांबली नाही.

मार्चमध्येच पवित्राची रजा संपून ती कोइंबतूरला परत गेली होती. त्यानंतर एका सोमवारी सीताअक्कांचा फोन आला. उद्या ड्रेसिंगला जायचं आहे, नऊला ऑटो घेऊन ये, एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दिव्यश्री शाळेत उशिरा येण्याची परवानगी घेऊन त्यांना नेऊ लागली. ऑटोत दोघी गप्प बसत. चढताना आणि उतरताना सीताअक्का तिच्या खांद्यावर हात ठेवत, कारण दुसरा आधार नव्हता. जखम सावकाश भरत होती. पायाने मशीन चालवणं आता जमणार नव्हतं.

मेच्या सुरुवातीला एका शुक्रवारी, सारंगपाणीच्या देवळाजवळ ऑटो गर्दीत अडकली असताना, सीताअक्कांनी अचानक विचारलं, की माझ्यासारखे आणखी कोण होते? दिव्यश्रीने धनलक्ष्मीचं सांगितलं, पद्मनाभ यांचं सांगितलं. ते दर आठवड्याला फोन करतात, साखर किती आली ते कळवतात आणि आभार मानतात, हेही सांगितलं.

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. धनलक्ष्मीला सांगितलं. त्यांना नाही सांगता आलं."

ऑटो पुढे सरकली. रस्त्याकडेच बघत सीताअक्का म्हणाल्या, "मला सांगितलंस तसं त्यांनाही सांग."

ड्रेसिंगच्या खोलीचं दार बंद झालं. दिव्यश्री बाहेरच्या बाकावर बसली आणि तिने नंबर लावला. पद्मनाभ यांनी दुसऱ्याच घंटेला उचलला. आज सकाळी एकशे चाळीस आली, असं त्यांनी आनंदाने सांगितलं.

"सार, तुम्हाला एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला शोधत आले, कारण तुमचं नाव मीच घालवलं होतं."

 तिने कॅम्पाच्या संध्याकाळपासून सुरुवात केली. मधेच त्यांनी थांबवलं. शून्य म्हणजे नक्की काय केलं होतंस, मला समजेल असं सांग, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. दिव्यश्रीने पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगायला घेतलं.